लेकरांची शाळा : फीचे दुकान की गावाची सावड?



मृगाच्या तोंडावर कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरातल्या पैशाला दोन वाटा फुटतात. एक वाट कृषी सेवा केंद्राकडे जाते. बियाण्याची थैली आणि खताचे पोते घ्यायचे असते. दुसरी वाट तालुक्याच्या गावातल्या 'इंग्लिश मीडियम नर्सरी'कडे जाते. तिथे तीन वर्षांच्या लेकराची फी, गणवेश, टाय, दप्तर आणि गाडीभाडे भरायचे असते. खिशातला पैसा तर एकच, आणि तोही बहुधा उसना. कापूस विकायला अजून पाच-सहा महिने असतात. सावकाराला ही वेळ बरोबर ठाऊक असते आणि नर्सरीवाल्यालाही.

गेल्या काही बैठकांत हा प्रश्न बायकांनी मांडला. धाकट्या लेकराला कुठे घालायचे? गावात अंगणवाडी आहे, पण ती दोन-तीन तासांत आटोपते. तालुक्याची नर्सरी परवडत नाही. काही गावांतल्या बायका म्हणतात, आम्ही दहा-वीस घरे मिळून आमचीच बालवाडी का चालवू नये? यावर काही जुने कार्यकर्ते म्हणाले, "चळवळ कापसाच्या भावाची आहे, बालवाडीची नाही." आम्हाला हे म्हणणे मान्य नाही. १९८६ साली चांदवडला शेतकरी महिलांचे अधिवेशन भरले, तेव्हाच शेतकरी बाईच्या प्रश्नाला चळवळीच्या मांडवात जागा मिळाली. कापसाच्या उत्पादन खर्चात बाईची मजुरी धरा असे आपण सरकारला सांगतो. मग ती बाई वेचणीला जाते तेव्हा तिचे लेकरू कोण सांभाळते, हा खर्च आपल्याच हिशेबात का नसतो?

लेकरू आज कुठे असते?

आज ते धुऱ्यावर असते. बाभळीला बांधलेल्या झोळीत, नाहीतर पऱ्हाटीच्या ओळीत मायच्या मागेमागे. निंदण आहे, ऊन आहे, पाऊस आहे, विंचूकाटा आहे. शेजारच्या वावरात फवारणी चालू असेल तर वाऱ्यावर औषधही येते. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ च्या हंगामात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. ती धट्टीकट्टी माणसे होती. त्याच वावराच्या कडेला दोन वर्षांचे लेकरू ठेवणे म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको.

किंवा ते घरी असते, आणि त्याच्या राखणीला आठ-दहा वर्षांची बहीण असते. वेचणीच्या दिवसांत वर्गात कोण दिसत नाही ते शाळेच्या हजेरीपटावर पाहा. धाकट्याला सांभाळायची किंमत थोरली मुलगी भरते, आणि ती कोणत्याही वहीत नोंदली जात नाही.

शेतकीच्या शिक्षणात आम्हाला पहिल्या वर्षीच शिकवले होते की कपाशीचे पहिले सहा ते आठ आठवडे तणाशी स्पर्धेचे असतात. त्या दिवसांत वावर मोकळे ठेवले नाही तर पुढे कितीही खत टाका, झाड भरून येत नाही. माणसाच्या लेकराचे तेच आहे. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात सरकारनेच लिहून ठेवले आहे की मेंदूची ८५ टक्क्यांहून अधिक वाढ वयाच्या सहा वर्षांआधी होते. सरकारला हे समजले. पण समजणे वेगळे आणि त्यासाठी पैसा काढणे वेगळे.

पहिला दरवाजा : फीचे दुकान

बियाण्याची थैली घेताना आपण काय करतो? लेबल पाहतो. उगवणशक्ती किती टक्के, शुद्धता किती, चाचणीची तारीख कोणती, मुदत कधीपर्यंत. १९६६ च्या बियाणे कायद्याने हे लेबल छापणे बंधनकारक केले आहे. पावती जपून ठेवतो, कारण उगवले नाही तर तक्रार करायची असते. नर्सरीत लेकरू घालताना आपण पाटी पाहतो, पाटीवरचे कार्टून पाहतो आणि शेजाऱ्याचा पोरगा जातो म्हणून पैसे भरतो. शिकवणारी कोण, एका खोलीत किती मुले, पडले-झडले तर जबाबदार कोण, हे विचारायची सोय नाही. विचारले तर उत्तर मिळते, "जागा भरत आल्या आहेत, लवकर ठरवा." हा तर गाडी सुटायच्या वेळी ओरडणाऱ्या कंडक्टरचा सूर झाला.

अशी सगळीच दुकाने वाईट आहेत असे आमचे म्हणणे नाही. काही ठिकाणी शिकवणाऱ्या मुली जीव ओतून काम करतात, आणि त्यांनाही तुटपुंजाच पगार मिळतो. पण दुकानाचा मालक पालक नसतो, संस्थाचालक असतो. फी वाढवायची की नाही, बाई बदलायची की नाही, हिशेब दाखवायचा की नाही, हे तोच ठरवतो. पालक म्हणजे गिऱ्हाईक, आणि तेही उधारीवर आलेले गिऱ्हाईक.

दुसरा दरवाजा : सरकारी अंगणवाडी

अंगणवाडी हा शब्द मंत्रालयात जन्मला नाही. १९४५ साली ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ बोर्डीला गेल्या. वाडीवस्तीवरची मुले बालवाडीपर्यंत येईनात, तेव्हा त्यांनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. महागडी परदेशी साधने परवडणारी नव्हती, म्हणून शंख-शिंपले, बिया, पाने, माती यांतून शिकवले. गरिबाच्या दाराशी, गरिबाच्या वस्तूंनी, गरिबाच्या भाषेत असा तो विचार होता. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना देशातल्या ३३ प्रकल्पांत सुरू केली आणि अंगणवाडी सरकारी झाली.

पुढे काय झाले? अंगणवाडीतली सेविका मुलांबरोबर गाणी म्हणायला नेमली, पण तिला वजने घ्यायला, आहार वाटायला, लसीकरणाला बाया गोळा करायला आणि नोंदवह्या भरायला लावले. आता त्यात मोबाइलमधला 'पोषण ट्रॅकर' आला. एवढे करून तिला पगार नाही, मानधन आहे. तिला ग्रॅच्युइटीचा हक्क आहे हे ठरायला सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले. निकाल २०२२ साली आला. डिसेंबर २०२३ मध्ये राज्यातल्या सेविका संपावर गेल्या आणि पुढच्या महिन्यापर्यंत अंगणवाड्यांना कुलपे राहिली. आमचे सांगणे स्पष्ट आहे : सेविका आपली शत्रू नाही. ती आपल्यासारखीच घामाचे दाम न मिळालेली आहे.

शत्रू आहे तो कायद्यातला पळपुटेपणा. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने शिक्षणाचा मूलभूत हक्क दिला तो ६ ते १४ वर्षांच्या मुलांना. सहाच्या आतल्यांसाठी राज्य 'प्रयत्नशील राहील' एवढेच लिहिले. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातही तीन ते सहा वयाची सोय सरकार 'करू शकेल' असे शब्द आहेत. सावकाराला 'फेडायचा प्रयत्न करीन' असे लिहून दिले तर तो कर्ज देईल का?

तिसरा दरवाजा : सावड

बायका म्हणतात ती पालकांची बालवाडी हा तिसरा दरवाजा. परदेशात तिला पालक-सहकारी बालशाळा म्हणतात. पालकच तिचे सभासद. पालकच आळीपाळीने तिथे दिवस भरतात, शिकवणाऱ्या ताईला नेमतात, हिशेब ठेवतात आणि फी ठरवतात. हे काही भरल्या पोटाच्या लोकांचे खूळ नाही. दोनच उदाहरणे देतो.

इटलीत रेज्जो एमिलिया शहराजवळ व्हिला चेल्ला नावाचे शेतकऱ्यांचे खेडे आहे. १९४५ च्या वसंतात महायुद्ध संपले. पळालेल्या जर्मन सैन्याने मागे टाकलेला एक रणगाडा, काही ट्रक आणि घोडे गावकऱ्यांनी विकले आणि त्या पैशातून लेकरांची शाळा बांधायला घेतली. बॉम्बने पडलेल्या घरांच्या विटा गोळा केल्या, नदीची वाळू आणली. दिवसभर राबणारी माणसे रात्री आणि रविवारी बांधकामावर येत. लोरिस मालागुझ्झी नावाचा तरुण शिक्षक ही बातमी ऐकून सायकलवर तिथे गेला आणि जन्मभर त्या कामाचा झाला. आज जगभरचे शिक्षणतज्ज्ञ रेज्जोच्या बालशाळा पाहायला जातात. त्यांची सुरुवात पैशाने नव्हे, शेतकरी-मजुरांच्या अंगमेहनतीने झाली. आणि पुढचे लक्षात ठेवा : पालकांनी चालवलेल्या या शाळांचा खर्च पुढे नगरपालिकेला उचलावा लागला. शाळा आधी उभी राहिली, मागणी नंतर मान्य झाली.

दुसरे उदाहरण न्यूझीलंडचे. १९४१ साली, पुरुष युद्धावर गेलेले असताना, वेलिंग्टनमध्ये बायकांनी 'प्लेसेंटर' सुरू केले. १९४८ साली त्यांचा देशव्यापी संघ झाला. मेंढ्या आणि दूधदुभत्यावर जगणाऱ्या खेड्यापाड्यांत ही केंद्रे पसरली. तिथे पालक केवळ राखण करीत नाहीत. मूल कसे वाढते याचे शिक्षण स्वतः घेतात. सरकार या केंद्रांना अनुदान देते, पण चालवतात पालकच. पुढे आया नोकरीला जाऊ लागल्या तशी दिवस भरायला माणसे कमी पडू लागली आणि केंद्रांची संख्या घटली. हा धडा आपण आधीच गिरवलेला बरा, कारण आपल्याकडची माय तर पहिल्यापासूनच कामावर आहे.

पण आपल्याला हे शिकायला इटली-न्यूझीलंडला जायची गरज नाही. आपल्या बापजाद्यांनी सावडीने नांगरट केली, सावडीने पेरणी उरकली. एकाचा बैल, दुसऱ्याचा बैल, आज तुझे वावर, उद्या माझे. त्यात अध्यक्ष नव्हता, गाडी नव्हती, भत्ता नव्हता. जो दिवस भरत नाही त्याच्या वावरात कोणी जात नसे. लेकरांची बालवाडी ही अशीच सावड आहे.

"सहकाराचे नाव काढू नका"

हा पहिला आक्षेप, आणि आम्हाला तो ऐकायला आवडतो. सहकाराने आपल्याला काय दिले हे आपण विसरलेलो नाही. १९७२ साली कापूस एकाधिकार खरेदी सुरू झाली. पुढे केंद्रावर गाड्यांच्या रांगा लागल्या, प्रतवारीत कापूस उतरवला गेला, चुकाऱ्यासाठी महिने मोजावे लागले. जिल्हा बँका, सूतगिरण्या आणि कारखाने यांत सभासद शेतकरी आणि मालक पुढारी, असा प्रकार झाला. तेव्हा 'सहकारी' पाटी पाहून हुरळू नका, असेच आम्हीही म्हणतो.

पण तो सहकार बिघडला कसा? सभासद वर्षातून एकदा सभेला गेला, चहा प्याला आणि हात वर करून आला. जिथे सभासदाची रोजची हजेरी नाही, तिथे पुढारी मालक होतो. बालवाडीत रोज दोन सभासद प्रत्यक्ष हजर असतात. तेल किती आले, खिचडीत किती पडले, ताई किती वाजता आली, मुलाला कोणी मारले का, हे रोज वेगवेगळे डोळे पाहतात. चोरी लपवायला जागाच राहत नाही. म्हणून आमची एकच कसोटी आहे : ज्या शाळेत पालकाला दिवस नाही, ती शाळा पालकांची नाही.

"वेळ कुणाला आहे?"

हा खरा आक्षेप आहे. हिशेब करू. वीस घरांची वीस मुले, एक पगारी ताई, आणि रोज दोन पालक सावडीला. महिन्याचे २४ दिवस धरले तर ४८ सावडी होतात. वीस घरांत वाटल्या तर घरामागे अडीच दिवसही भरत नाहीत. निम्म्या सावडी बापाने नाहीतर आजोबाने भरल्या तर मायच्या वाट्याला महिन्याला सव्वा दिवस येतो. आज ती लेकरू सोबत घेऊन रोजच निम्म्या हाताने निंदते किंवा वेचते. महिन्याला सव्वा दिवस देऊन उरलेले दिवस तिला दोन्ही हात मोकळे मिळतात. गाडीभाडे आणि फी मिळून मजुरीचे किती दिवस होतात, ते ज्याचे त्याने घरी मोजावे.

मात्र हा हिशेब सगळ्यांना सारखा बसत नाही. ज्याच्या घरी जमीन नाही, ज्या बाईची त्या दिवसाची मजुरी म्हणजे त्या दिवसाची भाकर, तिला 'तूही दिवस भर' म्हणणे अन्याय आहे. तिच्या सावडीची मजुरी बालवाडीच्या निधीतून दिली पाहिजे. हे दान नव्हे. २००५ च्या रोजगार हमी कायद्यात तरतूद लिहिली गेली की कामावर आलेल्या बायकांची सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त मुले असतील तर त्यांच्यापैकी एकीला मुले सांभाळायला नेमावे आणि तिला मजुरी द्यावी. लेकरू सांभाळणे हे काम आहे, त्याला दाम आहे, हे कायद्यानेच मान्य केले. रोहयोच्या कामावर जे मान्य होते ते आपल्या गावात अमान्य का?

उलट बाजूने, मोठे शेतकरी आणि नोकरदार म्हणतील, "आम्ही पैसे देतो, दिवस नको." हीच ती फट आहे जिच्यातून पुढारी आत येतो. पैसे घ्या, पण निम्मे दिवस अंगानेच भरावे लागतील असा नियम करा. आणि दिवस बापाच्या नावानेही लिहा. सावड म्हणून शेवटी सगळे बायकांच्याच गळ्यात पडणार असेल तर ती सावड नव्हे, वेठ आहे.

फीही हंगाम पाहून ठेवा. मृगात एक पैसाही घेऊ नका. पहिल्या वेचणीचा कापूस विकला की निम्मी, आणि शेवटच्या वेचणीनंतर उरलेली. ज्याला पैसा जमत नाही त्याच्याकडून ज्वारी घ्या. लेकरांच्या भाकरीला आणि लाह्यांना ती लागतेच.

"इंग्रजी बुडेल"

तीन वर्षांचे लेकरू घरात बोलते ती भाषा नीट बोलू लागले, ऐकलेली गोष्ट परत सांगू लागले, बिया मोजू लागले, की पुढे कोणतीही भाषा त्याला शिकवता येते. पाचवीपर्यंत शक्य तिथे मातृभाषेतूनच शिकवा, असे २०२० चे धोरणही सांगते. इंग्रजी जरूर शिकवू, ती आपल्या मुलांना लागणारच आहे. पण ज्याला 'मला लागलं' हे सांगता येत नाही त्याच्याकडून इंग्रजी गाणे पाठ करून घेणे म्हणजे उगवणीआधीच फुलोऱ्याचा फोटो काढणे.

निवड करताना काय विचारायचे?

उद्या गावोगावी 'पालक सहकारी' पाट्या लागतील, तेव्हा लेकरू घालण्याआधी हे प्रश्न विचारा :

१. कोणत्याही दिवशी, न सांगता, आई-बापाला आत येऊन बसता येते का?

२. हिशेब दर महिन्याला सर्वांसमोर मोठ्याने वाचला जातो का?

३. एका घराला एकच मत आहे का? की देणगीदाराला जास्त?

४. ताईला कोणी नेमले? सभेने की अध्यक्षाने? ती अध्यक्षाची नातलग तर नाही?

५. गावातल्या सर्व जातींची आणि भूमिहीनांची मुले एका पंगतीत, एकाच भांड्यातले जेवतात का?

६. बापांच्या नावावर किती दिवस लिहिले आहेत, आणि त्यांतले किती भरले?

७. तीन वर्षांच्या बोटांत पेन्सिल कोंबून घरचा अभ्यास देतात का? देत असतील तर तिथून परत फिरा.

पाचव्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असेल तर बाकीचे सहा विचारूही नका.

सरकारला सोडायचे नाही

शेवटचा धोका. आपण बालवाडी काढली की सरकार म्हणेल, "छान! आता आमची गरज नाही." त्याला हे म्हणू द्यायचे नाही. बालवाडी अंगणवाडीच्या विरोधात नाही, तिच्या जोडीला काढायची. शक्य तिथे अंगणवाडीच्याच खोलीत, सेविकेला सोबत घेऊन, तिची वेळ संपली की आपली सुरू. ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातला १० टक्के पैसा महिला व बालकल्याणावर खर्च करावा लागतो. तो कशावर गेला हे ग्रामसभेत विचारा. ही भीक नाही. ते आपल्याच घरपट्टीचे पैसे आहेत.

जिल्हा मेळाव्यापुढे आम्ही पुढील ठराव ठेवत आहोत :

एक, प्रत्येक तालुक्यात येत्या वेचणीआधी निदान एका गावात सावडीची बालवाडी सुरू व्हावी, आणि जागा गावाने ठरवावी.

दोन, भूमिहीन पालकांच्या सावडीची मजुरी निधीतून देण्याचा नियम प्रत्येक बालवाडीने पहिल्याच सभेत लिहून ठेवावा.

तीन, अंगणवाडी सेविकेला मानधन नव्हे, पगार मिळावा, आणि अंगणवाडीची वेळ शेतीच्या कामाच्या वेळेशी जुळवावी.

चार, सहा वर्षांखालच्या मुलांच्या बाबतीत 'प्रयत्नशील राहील' हे शब्द जाऊन 'देईल' हा शब्द यावा, यासाठी चळवळीने मागणी लावून धरावी.

मेळाव्याला येताना लेकरे घेऊन या. मांडवाच्या एका कडेला त्यांच्यासाठी जागा केलेली असेल. तिथे पहिली सावड पुरुष कार्यकर्त्यांची राहील. नावे आल्याबरोबर नोंदवावीत.